जुनी .22 टार्गेट पिस्तुलं: आधी कोणतं घ्यावं, घेताना काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजात एनसीसीमध्ये .22 (म्हणजे 0.22 इंच जाडीच्या गोळीची) रायफल चालवली होती, ती चटक मनात राहिली. आता अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये स्थायिक, नुकतंच ग्रीन कार्ड मिळालं. रेंजवर रुगर कंपनीचं भाड्याचं पिस्तूल चालवून बघितलं आणि जुनी .22 ची नेमबाजीची पिस्तुलं जमवायची व चालवायची असं ठरवलं. सुरुवात कुठून करावी, जुनं पिस्तूल घेताना फसू नये म्हणून काय बघावं, आणि घरात आठ वर्षांचा मुलगा आहे त्याचं काय?

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात टूलरूममध्ये घडलो, पुढे पोटापाण्यासाठी कनेक्टिकटला आलो, आणि गेली बावीस वर्षं हा उद्योग करतोय. माझ्याकडे आज सात पिस्तुलं आहेत. एका वेळी अकरा होती. ती चार का गेली ते पुढे येईलच.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालंय म्हणून हे उत्तर लिहितोय. एच-वन, एल-वन, विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसावर असणाऱ्याला संघराज्याच्या कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच बंदी आहे, आणि रेंजवर भाड्यानं घेतलेलं पिस्तूलही त्यातच धरलं जातं. शिकारीचा परवाना काढला की चालतं, असं ऑफिसात कुणीतरी सांगतंच. तो अपवाद कायद्यात खरोखर आहे. पण ज्याचं सगळं आयुष्य व्हिसाच्या एका शिक्क्यावर लटकलंय त्यानं छंदासाठी त्या फटीतून अंग चोरत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. आपल्या राज्यात सुरक्षिततेचा कोर्स, बोटांचे ठसे, गावच्या पोलिसांकडे अर्ज अशी पायरी-पायरीनं वाट आहे. वेळ लागतो, चिडू नका. तेवढ्या वेळात वाचन होतं.

परवाना हातात आला की माणूस पहिल्या शनिवारी दुकानात जातो आणि सगळ्यात देखणं जे दिसेल ते उचलतो. मीही तेच केलं. तुम्ही करू नका.

पहिलं पिस्तूल संग्रहासाठी घ्यायचंच नाही. पहिलं घ्यायचं ते झिजवायला. एखादं वापरलेलं रुगर मार्क टू, जाड नळीचं, टार्गेट साइट (नळीवरच्या नेम धरायच्या खुणा) असलेलं. देखणं नाही, पण खातं काहीही आणि बिघडत नाही. त्यातून चार-पाच हजार गोळ्या गेल्या की हातालाच कळायला लागतं की चांगला ट्रिगर म्हणजे काय, मूठ किती कोनात असली की मनगटाला बरं वाटतं, पुढची साइट किती रुंद हवी. हे कळायच्या आधी जुनं पिस्तूल विकत घेणं म्हणजे गाडी न चालवता इंजिनाचा आवाज ऐकून गाडी पसंत करणं.

रुगरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 1949 साली आपल्याच राज्यात, साउथपोर्टला, विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी पन्नास हजार डॉलरच्या भांडवलावर कारखाना काढला आणि पहिला माल म्हणून हे .22 पिस्तूल 37.50 डॉलरला विकायला आणलं. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या एका सैनिकाकडून रुगरला जपानी नांबू पिस्तुलं मिळाली होती, त्यावरून त्याला मागचा गोल बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) सुचला. चौकटीचे दोन अर्धे पत्र्यातून दाबून काढायचे आणि मधोमध वेल्ड करायचे, ही त्याची खरी हुशारी. टूलरूमच्या माणसाला ती बघूनच हसू फुटतं, इतकी सरळ. मुठीवरच्या बिल्ल्यात लाल पार्श्वभूमीवर गरुड होता. 1951 मध्ये स्टर्म वारला, त्यानंतर तो लाल रंग काळा झाला. त्यामुळे संग्राहक ‘लाल गरुड’ म्हणत त्या पहिल्या दोन वर्षांच्या मालामागे धावतात.

याच रुगरची एक खोड आहे. 2016 मध्ये मार्क फोर आलं त्यात बटण दाबलं की पिस्तूल उघडतं. त्याआधीची सगळी उघडायला सोपी आणि परत जोडताना रडवणारी. माझं पहिलं मार्क टू मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोललं आणि दोन तास घाम गाळला. वडील तेव्हा कोल्हापूरहून आले होते. आयुष्य फिटर म्हणून गेलेलं, पण व्हिजिटर व्हिसावर, त्यामुळे कशालाही हात लावायचा नाही हे मी आधीच सांगून ठेवलेलं. ते समोर हाताची घडी घालून बसले होते. शेवटी न राहवून म्हणाले, “आरं, त्यो मागचा दांडा आडकलाय बघ. तिरपं धर जरा, आपल्या वजनानं पडंल की खोबणीत.” तिरपं धरलं. दांडा खोबणीत पडला, स्प्रिंगचं घर टक्कन बसलं. मॅन्युअलच्या तीन पानांत जे समजलं नव्हतं ते त्यांनी लांबूनच बघून सांगितलं, आणि वर “एवढ्यासाठी इंजिनेर झालास का?” हेही ऐकवलं.

आता संग्रहाकडे. माझा सल्ला असा की संग्रहाला एक सूत्र धरा, आणि ते किमतीचं नसू द्या. तुम्ही नशीबवान आहात, जिथे राहता ती कनेक्टिकट नदीची दरीच या वस्तूंचं माहेर आहे. हार्टफर्डजवळून हायवेनं जाताना निळा, सोनेरी चांदण्यांचा कांद्यासारखा घुमट दिसतो ना, तो कोल्टच्या जुन्या कारखान्याचा. दक्षिणेला न्यू हेवन आणि त्याला लागून हॅम्डेन, तिथे हाय स्टँडर्ड. समुद्राकाठी साउथपोर्टला रुगर. उत्तरेला राज्याची हद्द ओलांडली की स्प्रिंगफील्ड, तिथे स्मिथ अँड वेसन. दिवसभरात गाडीनं फिरून येता येईल एवढ्या टापूत अमेरिकेतली चारही मोठी .22 टार्गेट पिस्तुलं जन्मली. मी संग्रह एवढ्यावरच बांधून घेतला. चार विकली ती यामुळे. त्यात एक वॉल्थर होतं, एक स्विस हॅमर्ली. हॅमर्ली विकताना हात जड झाला, कबूल करतो. तसा ट्रिगर मला पुन्हा मिळालेला नाही. पण त्याचे सुटे भाग मिळेनात, आणि जे मोडेल या भीतीनं चालवता येत नाही ते मी ठेवत नाही.

तर ही चार.

कोल्ट वुड्समन सगळ्यात जुनं. मूळ रचना जॉन ब्राउनिंगची, 1915 मध्ये बाजारात आलं, वुड्समन हे नाव 1927 मध्ये मिळालं, आणि 1977 पर्यंत ते निघत होतं. हातात घेतलं की कळतं, त्या काळी माणसं तासन्‌तास पॉलिश करत बसायची. एक सावधगिरी मात्र जिवाशी बांधून ठेवा. अगदी सुरुवातीची पिस्तुलं साध्या वेगाच्या काडतुसांसाठी होती, जास्त वेगाची चालवायची नाहीत. 1932 च्या सुमारास कोल्टनं मागचा स्प्रिंगचा भाग बदलला. ओळखायची खूण मुठीच्या पाठीला, तळहाताचा वरचा भाग टेकतो तिथे असते. चौकड्यांची नक्षी असेल तर जुना भाग, आडव्या रेघा असतील तर नवा. हे दुकानदाराला विचारू नका, अंगठा फिरवून बघा. आणि खरं तर दोन्हींत साध्या वेगाचीच काडतुसं घाला, शंभरीला टेकलेल्या यंत्राला घाई कशाला?

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 41 हे 1957 चं. आजही निघतं, त्यामुळे भाग मिळतात, आणि जड, शांत, भरवशाचं आहे. ट्रिगरचा गार्ड खाली ओढला की नळी मोकळी होते. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही, कारण चांगल्या माणसाबद्दल गप्पा रंगत नाहीत.

गप्पा रंगतात त्या हाय स्टँडर्डच्या. कार्ल स्वेबिलियस नावाच्या स्वीडिश माणसानं 1926 मध्ये न्यू हेवनला ही कंपनी काढली, ती मुळात बंदुकीच्या नळ्यांना भोक पाडायचे लांब ड्रिल बनवायला. 1932 मध्ये बुडालेली हार्टफर्ड आर्म्स विकत घेतली आणि तिथून .22 पिस्तुलांकडे वळली. म्हणजे हत्यारं बनवणाऱ्यांसाठी हत्यारं बनवणारे स्वतःच कारागीर झाले. आपल्याकडे कास्टिंगचे पॅटर्न करणारा पुढे स्वतःची फाउंड्री टाकतो तसंच. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये विल्यम मॅकमिलन या अमेरिकन मरीननं रॅपिड फायरचं सुवर्ण जिंकलं ते हाय स्टँडर्डनंच. सुपरमॅटिक सायटेशन, ट्रॉफी, पुढे व्हिक्टर, या मालिकेनं इथल्या बुल्सआय नावाच्या जुन्या पद्धतीच्या नेमबाजीवर (तिच्याबद्दल पुढे) एक पिढी राज्य केलं. मग पैशाचे खेळ सुरू झाले, 1977 मध्ये कारखाना ईस्ट हार्टफर्डला हलला, 1984 मध्ये बंद पडला. त्यामुळे शेवटच्या वर्षांतला माल आणि हॅम्डेनचा माल यांत बाजार फरक करतो. पिस्तुलावर गावाचं नाव कोरलेलं असतं, ते वाचा.

हाय स्टँडर्ड घ्यायचं तर मॅगझीन (मुठीत सरकवायची काडतुसांची डबी) आधी बघा, पिस्तूल नंतर. हा माझा बावीस वर्षांचा निष्कर्ष आहे. लोक नळीत टॉर्च मारून बसतात. .22 ची शिशाची गोळी नळी झिजवते कुठे? साफ करणाऱ्याच्या लोखंडी गजानं ती जास्त झिजते. काडतूस नळीच्या तोंडाशी कोणत्या कोनात उभं राहणार हे ठरतं मॅगझीनच्या वरच्या दोन पत्र्याच्या ओठांवर. ते ओठ केसभर उघडले की काडतूस नाक खाली घालतं आणि अडकतं. मग मालक म्हणतो पिस्तूल खराब, आणि ते स्वस्तात विकून टाकतो. माझ्या सातांतली दोन अशीच आलीत. आणखी एक घोळ: तिरप्या मुठीच्या जुन्या मॉडेलचं मॅगझीन आणि 1965 नंतर आलेल्या ‘मिलिटरी’ मुठीचं मॅगझीन वेगळं असतं. पहिल्याचा कोन वेगळा. एकमेकांत चालत नाहीत.

फसवणुकीची गोष्ट सांगायची तर माझीच. चौथं की पाचवं पिस्तूल असेल. एका व्यापाऱ्याकडून ‘नव्यासारखं’ म्हणून हाय स्टँडर्ड घेतलं, फोटोत आरशासारखं काळंभोर. घरी आणून दिव्याखाली धरलं तेव्हा पोटात खड्डा पडला. नळीवरची अक्षरं वाचता येत होती, पण त्यांच्या कडा विरघळलेल्या साबणासारख्या झाल्या होत्या. स्क्रूच्या भोकांभोवती वाटीसारखा खोलगटपणा. स्लाइडची (मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाची) सरळ कड जिथे धारदार हवी तिथे नखाला गोल लागत होती. कुणीतरी बफिंग व्हीलवर धरून गंज घासून काढला होता आणि वरून पुन्हा ब्लूइंग, म्हणजे पोलादाला काळा-निळा रंग चढवणं, केलं होतं. मी स्वतः ग्राइंडिंगवर वर्षं काढलेली, मला हे फोटोत दिसायला हवं होतं. चकाकी दिसली, कडा बघितल्याच नाहीत. शिवाय बरोबर आलेलं मॅगझीन तिरप्या मुठीचं. पैसे परत मिळाले नाहीत. ते पिस्तूल आजही आहे आणि उत्तम चालतं, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत अर्धीही नाही.

तेव्हापासून मी हातात घेतलं की याच क्रमानं जातो. समोरच्याला विचारून, तोंड सुरक्षित दिशेला, मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे, आत डोळ्यांनी आणि करंगळीनं, रिकामं आहे ना. समोरच्यानं आत्ताच तपासलं असलं तरी. मग चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) मागच्या कडेला भिंगातून. .22 चं काडतूस कडेवर ठोका बसून पेटतं, मधोमध नाही. रिकामं पिस्तूल कुणी वर्षानुवर्षं टकटक वाजवत बसलं असेल तर पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे अळीच्या चाव्यासारखा खळगा पडतो. त्यानं पुंगळी अडकते. खळगा हलका असेल तर गनस्मिथ दुरुस्त करतो, पण किंमत पाडून मागा. मग स्क्रूच्या खाचा: चुकीचा स्क्रूड्रायव्हर लागून फाटल्या असतील तर आत कुणीतरी हात घातलाय. हाय स्टँडर्ड असेल तर चौकटीवर, स्लाइड अडवणाऱ्या खटक्याच्या आसपास, केसासारखी चीर शोधा. जास्त वेगाची काडतुसं चालवल्याचं ते बक्षीस. आणि शेवटी, शक्य असेल तर रेंजवर. मॅगझीनमध्ये पहिल्यांदा दोनच गोळ्या घालायच्या. झिजलेल्या सियरचं (चाप दाबेपर्यंत घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याचं) पिस्तूल एका चापात दोन्ही उडवतं, आणि दुसरी गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. असलं पिस्तूल फुकट मिळालं तरी दुरुस्त होईपर्यंत चालवायचं नाही.

जुन्या पिस्तुलाला लाल ठिपक्याची साइट बसवायला भोकं पाडू नका. कुणी पाडलेली असतील तर ते चालवायला घ्या, संग्रहाला नको. डोळे गेले म्हणून लोक भोकं पाडतात, मला सहानुभूती आहे, माझेही पंचेचाळिशीत गेले. पण त्यावर स्वस्त उपाय आहे: चष्मेवाल्याला हात लांब करून दाखवा आणि सांगा, मला पुढची साइट इथे स्पष्ट हवी, बाकी जग धूसर चालेल.

पन्नास वर्षं पूर्ण झालेली मूळ स्थितीतली पिस्तुलं ‘क्युरिओ’ वर्गात मोडतात आणि त्यासाठी संग्राहकाचा वेगळा संघराज्य परवाना मिळतो, तीन वर्षांना तीस डॉलर. राज्याचे नियम त्यानं सुटत नाहीत, आणि प्रत्येक खरेदी-विक्री बांधीव वहीत लिहावी लागते. मला ती वही आवडते. हॅम्डेनची सत्तरच्या दशकातली पिस्तुलं आता एकेक करून त्या वर्गात येतायत, तुम्ही बरोबर वेळेला आलात.

चालवण्याबद्दल. इथली जुनी पद्धत म्हणजे बुल्सआय. एका हातानं, उभ्यानं. संपूर्ण सामना 270 गोळ्यांचा, 2700 गुणांचा: 90 गोळ्या .22 नं, 90 सेंटर फायरनं (ज्याच्या काडतुसाला मधोमध ठोका बसतो), 90 पॉइंट फोर-फाइव्हनं (.45). तुम्ही फक्त .22 चे 900 धरा. 50 यार्डांवर दहा मिनिटांत दहा गोळ्या हा स्लो फायर, मग 25 यार्डांवर वीस सेकंदांत पाच, आणि दहा सेकंदांत पाच. दहाच्या वर्तुळाचा व्यास 3.36 इंच, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर, चहाच्या बशीहूनही लहान. 50 यार्डांवर एका हातानं ती बशी काय चीज आहे ते पहिल्या दिवशीच कळेल. 1974 मध्ये हर्शेल अँडरसननं 2700 पैकी 2680 केले. मी नव्वद टक्क्यांच्या खाली-वर होत राहतो. म्हणजे वर्गवारीत कधी एक्स्पर्ट, कधी त्याच्या खालचा शार्पशूटर, थंडीत गुडघा दुखतो तेव्हा शार्पशूटरच.

एनसीसीची सवय इथे अर्धी उपयोगी, अर्धी आड येणारी. उपयोगी ती शिस्त. आड येतं ते रायफलीचं मन: रायफल स्थिर होते, म्हणून ती स्थिर झाली की दाबायचं. पिस्तूल एका हातात कधीच स्थिर होत नाही. हात डुलणारच. नवा माणूस साइट टार्गेटच्या काळ्या वर्तुळाच्या मध्यावरून जाताना ‘आत्ता!’ म्हणून चाप हिसकतो, आणि गोळी खाली डावीकडे सातच्या वर्तुळात जाते. डुलणं मान्य करायचं. साइट काळ्याच्या खाली ठेवायची, नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर, आणि चापावरचा दाब एकसारखा वाढवत जायचा. गोळी कधी सुटली ते आपल्यालाच किंचित अनपेक्षित वाटायला हवं. बोलायला सोपं आहे. मला तीन हिवाळे लागले.

घरी सराव पांढऱ्या भिंतीसमोर करा, टार्गेट नको, फक्त साइट बघायची. पण वर सांगितलेला चेंबरचा खळगा विसरू नका. रिकामं .22 असं वाजवायचं नाही. हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लॅस्टिकचे प्लग मिळतात, ते चेंबरमध्ये खोट्या काडतुसासारखे बसतात. शंभराचं पाकीट घ्या, दहा-वीस ठोक्यांनी एक फेका. सरावाच्या खोलीत खरी काडतुसं आणायचीच नाहीत, डबाही नाही.

काडतुसांत हौस करू नका. चाळीस ग्रेनची (हे गोळीचं वजन), साध्या वेगाची, म्हणजे ध्वनीच्या वेगाखालची, साधारण सेकंदाला 1070 फूट. ही चारही पिस्तुलं तीच खातात. चार-पाच कंपन्यांचे पन्नासचे डबे आणा, पिस्तूल टेकवून ग्रुप काढा (गोळ्यांची भोकं किती जवळजवळ पडतात ते), ज्याचा ग्रुप लहान ते त्या पिस्तुलाचं. एकच काडतूस दोन सख्ख्या भावंडांसारख्या पिस्तुलांत वेगळं वागतं, कारण विचारू नका.

नळी रोज घासू नका. एनसीसीतलं पुलथ्रू आणि चिंदी आठवते? सुभेदारसाहेब नळीत बघून ओरडायचे तो काळ विसरा. चेंबर आणि फीड रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये चढतं तो उतार) पुसा, नळीतून महिन्या-दोन महिन्यांनी चिंदी, तीही चेंबरच्या बाजूनं.

स्वतःला मात्र रोज घासा. .22 च्या प्रायमरमध्येही (ठोक्यानं पेटणाऱ्या मसाल्यात) शिसं असतं आणि गोळी तर शिशाचीच. हिवाळ्यात इथे बंद रेंजवर, पन्नास फुटांवर लीग चालते आणि हवा कोंदट असेल तर ते श्वासातून जातं. एका रेंजवर मी दोन हिवाळे गेलो, पंखे नावापुरते होते. डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं, आकडा वर निघाला. रेंज बदलली, उतरला. म्हणून: रेंजवर खायचं-प्यायचं नाही, बाहेर पडताना हात थंड पाण्यानं साबण लावून, बूट दाराबाहेर, ते कपडे वेगळे धुवायचे. लहान मूल असलेल्या घरात याची गंमत नको.

मुलाबद्दल. राज्याचा कायदा 2019 मध्ये असा झाला की घरात 18 वर्षांखालचं मूल असेल तर पिस्तूल रिकामं असलं तरी कुलपातच हवं. कायदा नसता तरी मी तेच सांगितलं असतं. तिजोरी भिंतीला बोल्टनं ठोकलेली, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली ‘फक्त आईबाबांना माहीत असलेल्या’ डब्यात नाही. आठ वर्षांच्या पोराला तो डबा माहीत असतो. माझ्या मुलीला मी उलट केलं: बघायचंय तर मला सांग, मी कुलूप काढीन, रिकामं कसं करतात ते दाखवीन, पण विचारल्याशिवाय नाही. दोन-तीनदा बघितल्यावर तिचा रस संपला. मित्राच्या घरी असं काही दिसलं तर हात न लावता बाहेर पडायचं आणि मोठ्यांना सांगायचं, हे पाठ करून घ्या, कारण प्रत्येक घरात तिजोरी असेलच असं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: परत जाताना हे भारतात नेता येईल का? संग्रह म्हणून विसरा. 2019 च्या दुरुस्तीनंतर तिथे एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. सवलत आहे ती मान्यताप्राप्त नेमबाजांना. तिथे हा छंद खेळ म्हणूनच आहे, आणि खेळ म्हणून तो इथल्यापेक्षा कितीतरी जोरात आहे. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण शूट-ऑफमध्ये जिंकलं, ते याच .22 नं. दुधाळीच्या रेंजवर आता पोरींची रांग असते. माझी पुतणी तिथे एअर पिस्तूल चालवते, 4.5 मिलिमीटर, वीस ज्यूलच्या आतलं, त्याला परवाना लागत नाही. दहा मीटरवरचं तिचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. मी माझ्या साडेआठ सेंटिमीटरच्या बशीचं कौतुक सांगायला लागलो की ती व्हिडिओ कॉलवर हसते.

आता तुमचं काम. परवाना यायला वेळ आहे तोवर गावाजवळचा बुल्सआय खेळणारा क्लब शोधा आणि लीगच्या संध्याकाळी नुसतं बघायला जा. पिस्तूल नको, कानाचे मफ आणि चष्मा तेवढा न्या. मागे खुर्ची टाकून बसा, मधल्या वेळात लोकांच्या पेट्यांत डोकावा. कुणीतरी सत्तरीचा म्हातारा हमखास विचारेल, “ट्राय करतोस का?” आणि पेटीतून हॅम्डेनचं काहीतरी काढून हातात ठेवेल. मॅगझीनचे ओठ कसे असायला हवेत ते त्याच्याकडे बघून घ्या.